बघू म्हणावं

आमच्या संस्थेचा एक नियम आहे. बंद दाराआड काय बोललं गेलं ते लिहायचं, कोण बोललं ते लिहायचं नाही. आठ वर्षं मी हे काम करते आहे, तेव्हा नावं गाळायची सवय आता हाडात मुरली आहे. इथेही मी कुणाचं नाव लिहिणार नाही, माझंसुद्धा. माझं न लिहिण्यामागे नियम कमी आणि भित्रेपणा जास्त आहे, हे आधीच सांगून टाकते.

डेल्फ्टला मी पाण्याचं शास्त्र शिकायला आले. शिकून झाल्यावर नोकरी मिळाली ती हेगमधल्या या संस्थेत, राहते मात्र अजून डेल्फ्टलाच. अमेरिका आणि आशियातले देश यांच्यात काही अडलं, की इथे माणसं बोलावतात. मंत्र्यांना नाही बोलावत. ते समोरासमोर आले की भाषणं करतात. निवृत्त राजदूत, निवृत्त सचिव, निवृत्त नौदलवाले 'व्यक्तिगत नात्याने' येतात, दोन दिवस बोलतात, मी टिपणं काढते आणि त्या टिपणांचा कागद सगळ्या राजधान्यांत पोचतो. पुढे कधीतरी मंत्री हात मिळवतात आणि फोटो छापून येतो, तेव्हा त्याच्या मुळाशी असा एखादा कागद असतो. माझी आई याला "एवढं शिकून कारकुनी" म्हणते.

जिच्याबद्दल लिहायचं आहे ती बैठक पाच वर्षांपूर्वीची. विषय होता समुद्री वादळांच्या इशाऱ्याचा. अमेरिकेने यंत्रं द्यायची आणि आशियातल्या, उपसागराकाठच्या चार देशांनी आपापल्या किनाऱ्यावरची मोजमापं एकमेकांना तत्काळ कळवायची. ऐकायला यात कुणाचं काय जातं? पण किनाऱ्याची मोजमापं म्हणजे तिथल्या नौदलाचीही गुपितं, आणि ती दुसऱ्याच्या यंत्रात जाणार. बाकीचे तीन देश हो-हो करत होते. भारत अडून होता.

बैठक कापेल आन डेन आयसेलला ठेवली होती. रॉटरडॅमच्या कडेचं गाव, ऑफिसच्या इमारती आणि घरं, बातमीदार चुकूनसुद्धा फिरकणार नाहीत असं. आमचा हॉल तळमजल्यावर होता आणि खिडकीसमोर नदीचा बांध. बांधापलीकडून मालवाहू बोट गेली की ती आपल्या डोक्याच्या वरून जाताना दिसायची. अमेरिकेचे निवृत्त राजदूत, उंच आणि अतिशय सभ्य गृहस्थ, ते बघून खुर्चीत थोडे आक्रसायचे. मला सवय होती. इथे राहायचं तर पाणी डोक्यावर आहे हे विसरून राहावं लागतं.

भारताकडून आलेले सर मूळचे पुण्याचे निघाले. पंचाहत्तरीच्या आसपास, गुडघे दुखरे, डोक्यावर करड्या लोकरीची टोपी, आणि बोलण्याआधी दोनदा घसा खाकरायची सवय. चाळीस वर्षं परराष्ट्र खात्यात काढलेली. निवृत्तीनंतरही दिल्लीतल्या एका सल्लागार समितीवर होते आणि तिथे त्यांच्या शब्दाला मान होता. माझ्या गळ्यातला पास वाचून त्यांनी विचारलं, "पुण्याची का गं? कुठली?"

"कोथरूडची, सर."

"छान. मग दोन दिवस माझी दुभाषी हो."

त्यांचं इंग्रजी त्या हॉलमधल्या कुणाहीपेक्षा सरस होतं. मी तसं म्हटलं, तर हसले. "म्हणूनच. इंग्रजीत विचारलं की उत्तर लगेच द्यावं लागतं. मराठीत दिलं की मध्ये तू. तू बोलशील तेवढ्यात मी समोरच्याचा चेहरा वाचून घेईन. जुनी खोड आहे." मग बोट उगारून म्हणाले, "फक्त ध चा मा करू नकोस म्हणजे झालं."

पुण्यात वाढलेल्या मुलीला ध चा मा समजावून सांगावा लागत नाही. हुकुमातलं एक अक्षर बदललं आणि एका तरुण मुलाचा जीव गेला. त्याची हाक अजून ऐकू येते, असं सांगून लहानपणी आम्हाला भीती घालायचे. मी हसून म्हटलं, "नाही हो सर."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला नेहमीचं डच जेवण होतं, म्हणजे गार पाव, गार चीज आणि कार्नेमेल्क. कार्नेमेल्क म्हणजे आपलं ताकच. सर पहिला घोट घेऊन खुलले, म्हणाले, "अरे वा! आता जिरं आण कुठूनतरी." जिरं कुठलं मिळायला, मी मिठाची पुडी आणून दिली. ताक पिता पिता त्यांनी घरची चौकशी केली आणि मी, कोण जाणे का, सगळं सांगून बसले. करार तीन महिन्यांनी संपतो. या प्रकल्पाचा दुसरा टप्पा मंजूर झाला तर माझं पद राहणार, असं डायरेक्टरबाई स्वच्छ बोलल्या आहेत. नवरा माझ्या परमिटवर आलेला आणि नोकरी शोधतोय. मुलगी दोन वर्षांची. नोकरी गेली तर तीन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. सर ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "होईल गं काहीतरी."

मग कॉफीची सुट्टी झाली. गुडघ्यांमुळे सर खुर्चीतच बसून होते. मी शेजारी. अमेरिकन राजदूत हातात कप घेऊन आले, वाकले, आणि अगदी मऊ आवाजात त्यांनी विचारलं: भारताची संमती मिळेल असं कागदात लिहिलं, तर तुमच्या दिल्लीतल्या लोकांची हरकत येणार नाही, हे तुम्ही पाहाल का?

सरांनी दोनदा घसा खाकरला. माझ्याकडे न बघता, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले, "त्यांना म्हणावं, बघू."

आता 'बघू' म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला हवं का? 'बघतो' म्हणजे जबाबदारी घेतली, कामाला लागलो. 'बघू' म्हणजे नाही, पण तुमचा मान राखून. लग्नाच्या स्थळाला बघू म्हणतात, उधार मागणाऱ्याला बघू म्हणतात, आणि दोघांनाही कळतं. माझी मुलगी आता सात वर्षांची आहे. तिला मराठी समजतं, उत्तर देते डचमध्ये नाहीतर इंग्रजीत. मध्यंतरी सशाचा हट्ट धरला होता. मी म्हटलं, बघू. ती तिच्या बाबाला जाऊन म्हणाली, "आई सेड नेय." या देशात जन्मलेल्या पोरीलाही कळतं.

मला कळलं नसेल का?

मी राजदूतांना इंग्रजीत म्हटलं, "ते म्हणतात, मी जातीने लक्ष घालीन." माझ्या तोंडून ते इतक्या सहज गेलं की मलाच नवल वाटलं. राजदूतांचा चेहरा उजळला. त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला. सरांना इंग्रजी येत होतं. सरांनी ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, आणि तसेच बसून राहिले. राजदूत निघून गेले. मग सर काहीतरी बोलले, पण माझ्या कानात रक्त असं धडधडत होतं की मला ते ऐकूच गेलं नाही.

कागदाचा मसुदा सगळ्यांना दुरुस्तीसाठी जातो. त्यात मी लिहिलं होतं की उपसागराच्या पश्चिमेकडील एका सहभागी व्यक्तीने संमतीसाठी जातीने लक्ष घालण्याचं आश्वासन दिलं. नाव नाही, पण उपसागराच्या पश्चिमेकडे दुसरा कोण होता? चौथ्या दिवशी सरांचा मेल आला. रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी, दोनच वाक्यं. "मसुदा वाचला. भाषांतर जरा उदार झालं आहे, तेवढं दुरुस्त करशील."

डेल्फ्टहून हेगला जाणाऱ्या गाडीत मी तो वाचला. त्यांनी मेल डायरेक्टरबाईंना पाठवला नव्हता, राजदूतांनाही नाही. फक्त मला. माझी अब्रू त्यांनी माझ्याच हातात परत दिली होती. शुक्रवारी दुसऱ्या टप्प्याचा निर्णय होता. मी स्वतःला म्हटलं, निर्णय झाला की करते दुरुस्ती. निर्णय झाला, प्रकल्प मंजूर झाला, आणि तोवर कागद पुढे गेलेला होता. मी मेलला उत्तरही दिलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लांबवायला तोंड नाही. कागद दिल्लीत पोचला. अधिकार नसताना अमेरिकेला शब्द देऊन आले, असा बोभाटा झाला, एका वर्तमानपत्रात चौकटीत दोन ओळी आल्या, आणि समितीची फेररचना झाली तेव्हा सरांचं नाव तीत नव्हतं. सर कुणाला काही बोलले नाहीत. माझं नाव एकदा घेतलं असतं तरी सुटले असते. इकडे बोलणी मात्र पुढे सरकत राहिली. दोन वर्षांनी भारत आपल्या अटींवर सामील झाला, झेंड्यांसमोर फोटो निघाले, आणि मागच्या वादळात इशारा वेळेवर पोचला म्हणून आमच्या ऑफिसात केक कापला. सगळे म्हणतात, याची सुरुवात कापेलला झाली. मला कायमचा करार मिळाला. नवऱ्याला इथल्याच बेस्ट नावाच्या गावात नोकरी लागली. सगळं चांगलं झालं, आणि ते ज्याच्यावरून झालं तो माणूस घरी बसला.

गेल्या वर्षी सर गेले. मला कळलं ते संस्थेच्या बातमीपत्रातल्या चार ओळींतून. त्या दिवसापासून ते माझ्या मागे आहेत. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण डेल्फ्ट स्टेशनखालच्या सायकल तळावर मागे कुणीतरी दोनदा घसा खाकरतं आणि माझा हात कुलपावर थांबतो. सुपरमार्केटमध्ये कार्नेमेल्कच्या कपाटापुढे करडी टोपी दिसते. जवळ गेलं की भलतेच कुणी डच आजोबा. आणि इथले लोक! एरवी तोंडावर नाही म्हणायला मागेपुढे न पाहणारी ही माणसं, एखादी गोष्ट टाळायची असली की म्हणतात, "वी झीन वेल." बघू. दिवसातून चारदा कुणी ना कुणी ते म्हणतं, आणि प्रत्येक वेळी मला त्यांचाच आवाज ऐकू येतो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

एक गोष्ट अजून सांगितली नाही. बैठकीत मी छोटा रेकॉर्डर वापरत असे. टिपणं झाली की रेकॉर्डिंग पुसून टाकायचं, असाही नियम आहे. कापेलचं मी पुसलं नव्हतं. कॉफीच्या सुट्टीत तो बंद करायचा राहिला होता, आणि तो होता सरांच्या कपाशेजारी. पाच वर्षं तो आमच्या ड्रॉवरमध्ये सायकलच्या जुन्या दिव्यांखाली पडून होता. ऐकायचा धीर झाला नाही. मधल्या काळात मनाने एक युक्ती काढली होती. सरांचा आवाज बसका होता. कदाचित ते 'बघतो' म्हणाले असतील. मेलमधलं 'उदार' दुसऱ्याच कशाबद्दल असेल. न ऐकलेल्या रेकॉर्डरमध्ये दोन्ही शब्द मावत होते.

एका रविवारी सकाळी भारतातून फोन आला. अनोळखी नंबर, बाईंचा आवाज.

"तू डेल्फ्टची का गं? यांच्या डायरीत तुझं कार्ड मिळालं." त्या सरांच्या पत्नी होत्या. मी उभीच राहिले. "वर्षश्राद्ध आलंय पुढच्या महिन्यात. एक मागायचं होतं. घरात यांचा आवाजच नाही गं कुठे. फोटो ढीगभर, पण आवाज नाही. फोनवर रेकॉर्ड करायला गेलं की हात आडवा घालायचे. तुमच्याकडे बैठका रेकॉर्ड होतात म्हणे. आहे का तुझ्याकडे काही?"

नाही म्हणायचं होतं. नियमच तसा आहे, खोटंही ठरलं नसतं. तोंडातून निघालं, "बघते, काकू."

"बघते म्हणालीस ना?" त्या किंचित हसल्या. "बघू नाही म्हणालीस. मग मिळणार."

बुधवारी इथल्या शाळा दुपारीच सुटतात. मुलगी टेबलाशी चित्र काढत होती आणि मी रेकॉर्डर काढून नवे सेल घातले. हेडफोन लावायला हवा होता, पण त्यांचा आवाज थेट कानात घ्यायची हिंमत नव्हती. कपबशांचे आवाज. खुर्ची सरकली. राजदूतांचा मऊ प्रश्न. दोनदा घसा खाकरला, आणि मग अगदी स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं: "त्यांना म्हणावं, बघू." त्याच्यामागून माझा आवाज. किती उत्साही, किती गोड! ऐकून मला माझीच शिसारी आली. मग राजदूतांचे आभार, त्यांची जाणारी पावलं. आणि मग ते वाक्य, जे मला त्या दिवशी ऐकू आलं नव्हतं.

"बिस्किट घे गं. कॉफी गार होतेय तुझी."

एवढंच. मी रेकॉर्डर बंद केला. मुलीने रंगीत खडू खाली ठेवला होता. "दॅट आजोबा सेड नेय," ती म्हणाली. "व्हाय डिड यू से येस?"

तिला म्हटलं, "भीती वाटली म्हणून." ती पुन्हा चित्राकडे वळली.

ते अर्धं मिनिट कापून बाकीचं काकूंना पाठवणं मला दहा मिनिटांचं काम होतं. दोन दिवसांचं रेकॉर्डिंग होतं, त्यात सरांची भाषणं होती, विनोद होते. मी फाईल उघडलीही. कापली नाही. गुरुवारी डायरेक्टरबाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं: भाषांतर मी जाणूनबुजून चुकीचं केलं, त्यांनी दुरुस्ती सांगितली होती ती दाबली, आणि आता त्या कागदाला दुरुस्तीचं पत्र जोडून सगळ्या राजधान्यांना पाठवायला हवं. नोकरी गेली तरी चालेल, असंही म्हटलं. खरं तर चालणार नव्हतं. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. करार झालेला, झेंडे लावून झालेले, माणूस गेलेला. "वी झीन वेल," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या खोलीतून बाहेर आले आणि दुरुस्तीचं पत्र स्वतःच्या नावाने दिल्लीला आणि त्या राजदूतांना पाठवून दिलं. अजून कुणाचंही उत्तर आलेलं नाही.

रविवारी काकूंना व्हिडिओ कॉल केला. आदल्या दिवशी पूर्ण रेकॉर्डिंग पाठवलं होतं आणि कॉफीच्या सुट्टीची जागा लिहून कळवली होती. काकू जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. मागच्या खुंटीवर करडी टोपी होती. मी नजर वळवली.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "सगळं ऐकलं. ती जागा चारदा ऐकली." मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. "पन्नास वर्षं हा बघू ऐकलाय गं मी. काश्मीरला जाऊ या? बघू. दिल्लीचं घर विकू या? बघू. एकदाही त्याचा हो झाला नाही."

त्यांनी पाण्याचा पेला पुढे ओढला.

"मी विचारलं होतं यांना. तुम्ही खरंच असा शब्द दिलात? तर म्हणाले, दिला असेन, वय झालं. मला वाटलं, खरंच वय झालं यांचं. लोकांसमोर मीच म्हणायला लागले, आताशा विसरतात हो. शेवटची तीन वर्षं मी त्यांना विसराळू समजून वागवलं. औषधंसुद्धा मी मोजून द्यायची." त्या स्क्रीनकडे वाकल्या. "तुला कळलं होतं ना, बघू म्हणजे काय ते?"

"हो, काकू."

"आणि त्यांनी ऐकलं होतं, तू काय सांगितलंस ते."

"हो."

"तरी बिस्किट घे म्हणाले." काकूंनी मान हलवली. त्यांच्या खिडकीतून रिक्षाचा आवाज आला, इकडे आमच्या खाली सायकलींच्या घंटा वाजत होत्या. मी त्यांना दुरुस्तीच्या पत्राबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग जे विचारायला माझी जीभ पाच वर्षं उचलली नव्हती ते विचारलं, सरांना विचारायचं राहिलं म्हणून काकूंना.

"काकू, मला माफ कराल?"

त्यांनी चष्मा काढला, पदराने सावकाश पुसला, पुन्हा लावला. माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही.

"बघू," म्हणाल्या.